संकेतस्थळावरील खरेदी : दोष व दक्षता

मृग नक्षत्र तोंडावर आले म्हणजे बियाणे, औषधे व फवारणी पंपाचे सुटे भाग यांची निकड एकदमच उभी राहते. पूर्वी या मालासाठी तालुक्याच्या बाजारपेठेत जावे लागे. आता तो मोबाईलवरील दुकानातून घरपोच मिळू लागला आहे. परवानाधारक विक्रेत्यांना कीटकनाशके या मार्गाने विकण्याची मुभाही केंद्र शासनाने २०२२ साली दिली. ही सोय स्वागतार्ह होय. तथापि तिच्यातील दोष ओळखल्यावाचून तिचा लाभ पदरी पडणार नाही.

पहिला दोष दुकानाच्या मांडणीतील आहे. पुष्कळ संकेतस्थळांवरील मजकूर इंग्रजीत व बारीक अक्षरांत असतो. माल परत करण्याच्या अटी सहजासहजी सापडत नाहीत. ‘केवळ तीन नग शिल्लक’ असे दाखवून ग्राहकास घाई केली जाते. आरंभी एक किंमत सांगून अखेरच्या पानावर निराळे आकार जोडले जातात, तर कधी न मागितलेली वस्तूच हिशेबात येते. अशा वेळी शेतकरी स्वतःच्या अज्ञानास बोल लावतो. वास्तविक दोष त्या मांडणीचा असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रीती नमूद करून त्यांना मनाई केली आहे.

दुसरा दोष सुरक्षिततेचा असून तो बहुधा पहिल्यातूनच उद्भवतो. पान वाचता येत नाही म्हणून शेतकरी मोबाईल दुसऱ्याच्या हाती देतो, बँकेकडून आलेला ओटीपीही सांगून टाकतो. मागणीत दुसऱ्याचाच क्रमांक नोंदला गेल्यास पावती व पुढील निरोप त्याच्याकडे जातात. माल खराब निघाल्यास शेतकऱ्याजवळ पुरावा उरत नाही.

पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे किंवा कुलपाची खूण पाहून अनेकजण निश्चिंत होतात. तिचा अर्थ इतकाच की, पाठविलेली माहिती वाटेत कोणास वाचता येत नाही. पाकीट लाखेने बंद केले म्हणून ते ज्याच्या हाती पडले तो सज्जन ठरत नाही, तसेच हे आहे. २०१९ साली पीएम-कुसुम योजना सुरू झाल्यावर तिच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाली व सौर पंपाच्या नोंदणीसाठी पैसे मागण्यात आले. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास याबाबत वारंवार सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागल्या. पत्त्याचा ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट केवळ शासकीय संस्थांना मिळतो. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ओआरजी’ किंवा नुसता ‘डॉट इन’ कोणासही घेता येतो, हे ध्यानात ठेवावे.

२०२० च्या नियमांनुसार अशा दुकानाने आपले नाव, पत्ता व तक्रार अधिकाऱ्याचा तपशील दर्शविणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. ही माहिती न देणाऱ्याकडून खरेदी करू नये. औषध घेताना विक्रेत्याचा परवाना, आणि ते हाती आल्यावर मोहोर व वापराची अंतिम मुदत पाहावी. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. परताव्याच्या नावाखाली कोणी तो मागितल्यास देऊ नये.

बियाणे मागवावयाचे तर पेरणीच्या पुष्कळ आधी मागवावे, म्हणजे उगवणशक्ती तपासण्यास अवधी मिळतो. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजावे. सोयाबीनचे निदान ७० दाणे उगवले पाहिजेत. पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व मूठभर बियाणे पीक निघेपावेतो जपून ठेवावे.

पैशाची फसवणूक झाल्यास लाज न बाळगता तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकास कळवावे. विलंब झाल्यास रक्कम पुढे सरकते व थोपविणे कठीण जाते. सदोष मालाविषयी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे दोन्ही क्रमांक चावडीवर ठळक अक्षरांत लिहावेत, आणि पेरणीपूर्वीच्या सभेत एक खरेदी सर्वांसमक्ष पायरीपायरीने करून दाखवावी. गेलेला पैसा कदाचित परत मिळेल. हुकलेला वाफसा मात्र त्या हंगामी पुन्हा येत नाही.