बिघडलेल्या मराठीची दुरुस्ती

सकाळी ७. ऑफिसात वर्दळ सुरू व्हायच्या आत बॅकअप घेते आणि लगेच चाचणीच्या सर्व्हरवर उतरवून तो उघडतोय का ते बघते. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबून कामाला हात घालू नये. काम आहे एका जुन्या मराठी मासिकाच्या संग्रहाचं. सर्व्हर बदलताना मजकूर होता यूटीएफ-८ चा आणि जोडणी ठेवली गेली लॅटिन-१ ची. सगळे जुने लेख अगम्य चिन्हांनी भरून गेले.

८.३०. आधी नुसतं बघायचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं: पहिला ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा चिन्हागणिक वेगळा. हेच बाइट लॅटिन-१ समजून वाचले की ई० च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए दिसतो, ए४ च्या जागी चलनाचं गोल चिन्ह आणि ए५ च्या जागी जपानी येन. ऱ्हस्व वेलांटीच्या वाट्याला गोल चिन्ह येतं, दीर्घ वेलांटीच्या वाट्याला येन. म्हणजे हा कचरा नव्हे, त्याच्यामागे मराठी शाबूत आहे. म्हणून फाइंड-रिप्लेस करत बसायचं नाही. ज्या वाटेनं बिघडलं त्याच वाटेनं मागं यायचं: मजकूर लॅटिन-१ मध्ये न्यायचा, तिथं त्याला निव्वळ बायनरी मानायचं आणि मग यूटीएफ-८ म्हणून वाचायचं. मायएसक्यूएलमध्ये ही एका ओळीची क्वेरी आहे.

१०. पण ती ओळ सरसकट चालवली तर अनर्थ होतो. लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे धड असलेल्या लेखांची प्रश्नचिन्हं होतात. मोठ्या फील्डची खरी गोम तर पुढेच आहे: एकाच लाँगटेक्स्टमध्ये मूळ लेख बिघडलेला असतो आणि संपादकांनी नंतर जोडलेली टीप धड असते. मग पायथनच्या स्क्रिप्टनं बिघडलेले तुकडे तेवढे वेगळे काढायचे, उलटवायचे आणि जागच्या जागी बसवायचे.

१२. आता अवघड भाग. मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतं ते प्रत्यक्षात विंडोज-१२५२ असतं, आणि त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटना अक्षरच नेमलेलं नाही. मधल्या एका एक्स्पोर्टमध्ये तिथं प्रश्नचिन्हं पडली. त्यात गेले ए, ऐ, ऍ, झ आणि चंद्रबिंदू. त्याहून वाईट म्हणजे ऱ्हस्व उकार गेला आणि पाय मोडायचं चिन्हही गेलं, म्हणजे जोडाक्षरं गेली. उकार आणि हलन्त, दोन्हींच्या जागी येन आणि प्रश्नचिन्ह असा एकच अवशेष उरतो. शब्द ‘करुण’ होता की ‘कर्ण’, हे मशीन सांगू शकत नाही. महाभारतावरच्या लेखात तर दोन्ही बसतात. छापील अंक घेऊन मुद्रितशोधक काका शेजारी बसले.

“काका, इथं कर्णच असेल ना?”

“अगं, पुढं ‘रस’ आहे बघ. करुणच.”

अंक मिळाला नाही तिथं मी अंदाजानं शब्द भरत नाही. खूण करून जागा सोडते. चुकीचा पण धड दिसणारा शब्द पुन्हा कुणी तपासत नाही.

३. ठ आणि भ राहिले होते. बिघडलेल्या रूपात ठ च्या शेवटी न तुटणारी मोकळी जागा येते आणि भ च्या शेवटी अदृश्य हायफन. कुणीतरी ‘अनावश्यक चिन्हं’ साफ करून ठेवली होती, त्यात ‘मराठी’ शब्दच मोडला. दोन्हींचा अवशेष सारखाच उरतो, पण इथं सुदैवानं शब्दावरून अक्षर बहुतेकदा ओळखता येतं. याच साफसफाईत झिरो-विड्थ जॉइनरही काढून टाकतात. तो वापरून टाइप केलेल्या सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ मग ‘दर्या’ होतात.

४.३०. काही लेख मधेच तुटलेत. ते लाँगटेक्स्टमध्ये नव्हे, साध्या टेक्स्ट फील्डमध्ये होते आणि त्याची मर्यादा ६५,५३५ बाइट. बिघडलेलं प्रत्येक चिन्ह तीनऐवजी सहा-सात बाइट खातं, म्हणून लांब लेख दहा हजार चिन्हांच्या आसपास संपतो. जुन्या मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिक्ट मोड नसेल तर नुसती वॉर्निंग येते आणि पुढचा मजकूर जातो. हे लेख छापील अंकावरून पुन्हा टाइप करायला दिले. दुसरा उपाय नाही.

६ ते ८. दुरुस्त मजकूर नव्या स्तंभात, थोडाथोडा करत. जुना स्तंभ तसाच. काकांनी कुठलेही लेख निवडायचे आणि मोठ्यानं वाचायचे, मी पडद्यावर बोट ठेवून ऐकायचं.

तुमच्या वाचनालयाचा, पतपेढीचा किंवा शाळेचा मराठी डेटा नव्या सर्व्हरवर जाणार असेल, तर आधी एकच ओळ पाठवून बघा. तिच्यात झ, ए, ऐ, ठ, भ, ऱ्हस्व उकार, दोन-चार जोडाक्षरं आणि ‘दऱ्या’ असू द्या. ती पलीकडं जशीच्या तशी दिसेपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नका.