नंबर लागत नाही म्हणून चिडलाय? आपल्या शार्दुलची रांग बघा



परवा बोईसरला एक फॅब्रिकेशनवाला मुलगा भेटला. तारापूर एमआयडीसीत काम करतो. जाम वैतागलेला. म्हणे, "सर, दोन वर्षं झाली एका कंपनीच्या व्हेंडर लिस्टमध्ये नाव आहे. ऑर्डर सगळ्या पहिल्यालाच जातात. माझा रेट कमी, माझं वेल्डिंग त्याच्यापेक्षा चांगलं. तरी मी आपला बाकावर!"

मी त्याला विचारलं, "शार्दुल ठाकूर माहितीये ना?" हसला. पालघर तालुक्यात हा प्रश्न विचारणं म्हणजे वेडेपणाच. पण शार्दुलचे सिक्स सगळ्यांना आठवतात, त्याचं बाकावर बसणं कोणाला आठवत नाही. म्हणून आज त्याबद्दल.

माहीमचा मुलगा. मुंबईचं माहीम नव्हे, आपलं केळव्याजवळचं. बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरकडून खेळताना बोरिवलीच्या शाळेचे कोच दिनेश लाड यांनी त्याला हेरलं. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली 2013 मध्ये. त्याआधी किट घेऊन पहाटेची गाडी पकडून मुंबई गाठणं काय असतं, हे अप-डाऊन करणाऱ्यांना सांगायला नको.

2012-13 ला रणजीत संधी मिळाली. 4 सामने, 4 विकेट. म्हणजे फेल. इथे मी थोडं कडू बोलतो. कधी कधी रांग बरोबर असते, आपणच तयार नसतो. पुढच्या सीझनला त्याने 27 विकेट काढल्या, त्याच्या पुढच्या सीझनला 48. आता इंडियासाठी नंबर लागायला हवा ना? पण समोर कोण होते? ईशांत, शमी, उमेश, भुवनेश्वर, नंतर बुमराह. ऑक्टोबर 2018 ला हैदराबादला टेस्ट कॅप मिळाली आणि 10 बॉल टाकून स्नायू दुखावला. बाहेर! पुढची टेस्ट थेट जानेवारी 2021 ला, ब्रिस्बेनमध्ये.

ती तरी कशी मिळाली? ईशांत त्या दौऱ्यावरच नव्हता. ॲडलेडला शमीचा हात गेला, मेलबर्नला उमेशची पोटरी, सिडनीनंतर बुमराह. पुढची सगळी रांग कोसळली आणि पाठीमागचा माणूस मैदानात आला. दोन्ही डावांत मिळून 7 विकेट. आणि 6 बाद 186 असताना वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 रनांची पार्टनरशिप, त्यात याचे 67. पहिलाच रन काढला तो सिक्स मारून, तोही कमिन्सला. आपण ती मॅच जिंकलो.

आता गंमत बघा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये उलटं झालं. अश्विन तेव्हा जगातल्या पहिल्या दोन-तीन बॉलरांत होता. चारही टेस्ट बाहेर बसला आणि शार्दुल त्यातल्या दोन खेळला. लोक भयंकर चिडले. ओव्हलला शार्दुलने 57 आणि 60 केले, शेवटच्या डावात बर्न्स आणि रूट काढले, टेस्ट जिंकली. मग 2023 ला त्याच ओव्हलवर वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल. अश्विन तेव्हा नंबर एकचा टेस्ट बॉलर, तरी बाहेर. शार्दुल आत, 51 रनही केले. पण आपण 209 रनांनी हरलो. माझं मत विचाराल तर त्या दिवशी अश्विन हवाच होता. निवडणारेही चुकतात.

पण मुद्दा वेगळा आहे. अश्विन कमी होता म्हणून बसला नाही. त्या पिचवर टीमला जी जागा भरायची होती, ती फास्ट बॉलिंग टाकून आठव्या नंबरवर बॅट चालवणाऱ्याची होती. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमचा असा तक्ताच असतो, डेप्थ चार्ट. प्रत्येक जागेची रांग वेगळी. बॉल घेऊन पळणाऱ्यांची वेगळी, फेकणाऱ्यांची वेगळी. तिथलेही लोक 'आमच्या पोराला का खेळवत नाही' म्हणून तणतणतात.

कंपनीचा परचेसवाला हेच करतो. त्याच्या डोक्यात 'चांगला वेल्डर कोण' हा प्रश्नच नसतो. रात्री दोनला लाइन लीक झाली तर कोण येईल, हा असतो. पहिला व्हेंडर आलेला आहे, त्याने बघितलंय. तुमचा रेट कमी आहे म्हणून त्याने तुम्हाला काम दिलं आणि प्लांट बंद पडला, तर मान त्याची जाते. वाचलेल्या पैशाचं बक्षीस त्याला कोणी देत नाही. मग तो का बदलेल?

बदलावं लागतं एकाच वेळी. शटडाऊनला. सगळ्या प्लांटचं मेंटेनन्स आठ-पंधरा दिवसांत उरकायचं असतं, पहिल्याची माणसं दुसऱ्या कंपनीत अडकलेली असतात आणि फोन दुसऱ्याला जातो. "उद्या सकाळी सहा माणसं हवीत." हा तुमचा ब्रिस्बेन. तेव्हा गेटवर कागद मागतात. पीएफ, ईएसआय, कामगारांचा विमा, वेल्डरचं टेस्ट सर्टिफिकेट, मेडिकल. एक कागद कमी असला तर गेटपास नाही, आणि फोन तिसऱ्याला.

आणि आठव्या नंबरची बॅटिंगही बघा. फक्त फॅब्रिकेशन करणारे बोईसरमध्ये पाहिजे तेवढे आहेत. फॅब्रिकेशन करून त्याच टीमकडून इन्सुलेशन किंवा पेंटिंगही उरकून देणारे फार नाहीत. परचेसवाल्याचे दोन फोन वाचतात.

आता तुम्ही म्हणाल, एकदा ब्रिस्बेन गाजवलं की जागा पक्की. अजिबात नाही! 2022 ला जोहान्सबर्गला एका डावात 61 रनांत 7 विकेट काढणारा हाच शार्दुल नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात विकलाच गेला नाही. त्याने काय केलं? रणजी खेळत राहिला. जानेवारी 2025 ला जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईचे मोठमोठे बॅट्समन लवकर गेले, याने 51 आणि 119 केले. मार्चमध्ये लखनौला जखमी बॉलरच्या जागी माणूस हवा होता. फोन शार्दुलला.

तर त्या मुलाला मी शेवटी विचारलं, "समज आज रात्री फोन आला, तर उद्या सहा माणसं गेटच्या आत जातील?" थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चार जातील सर. दोघांचा विमा संपलाय."

त्या कंपनीचं शटडाऊन पुढच्या महिन्यात आहे. काल त्याचा मेसेज आला, विम्याचा चेक दिलाय. वेल्डरच्या टेस्टची तारीख अजून मिळालेली नाही.