प्रवाळाच्या भिंतींची मशीद

मालेला आलेला पाहुणा आधी सोनेरी घुमटाकडे वळतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. १९८४ मध्ये उभी राहिलेली इस्लामिक सेंटरची ही भव्य मशीद जेट्टीपासून जवळ आहे. एका वेळी पाच हजारांवर माणसं तिथे नमाज पढू शकतात. पोर्तुगीजांना हुसकावून लावणाऱ्या सुलतान मुहम्मद ठाकुरुफानूचं नाव तिला दिलं आहे. पांढरा संगमरवर, वर झळाळता घुमट. फोटो झकास येतो. पण अशी मशीद आखातातल्या कुठल्याही शहरात शोभली असती. मालदीवलाच शोभेल अशी मशीद तिथून चालत काही मिनिटांवर आहे. तिचं नाव हुकुरु मिस्की, म्हणजे जुनी जुम्मा मशीद.

सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याने ती १६५८ मध्ये बांधली. लांबून पाहिलं तर निराशाच होते. बैठी इमारत, वर पत्र्याचं छप्पर. भिंतीशी जाऊन उभं राहिलं की मग नजर हलत नाही. जोत्यापासून वरपर्यंत वेलबुट्टी, भौमितिक नक्षी आणि अरबी अक्षरं कोरलेली आहेत, आणि हा दगड डोंगरातला नाही, समुद्रातला आहे. या बेटांवर डोंगर आहेतच कुठे? अख्खं माले समुद्रसपाटीपासून मीटर-दीड मीटर उंच. तेव्हा कारागीर उथळ खाजणात उतरून प्रवाळाचे मोठे ठोकळे काढायचे. पाण्यातून काढलेलं प्रवाळ मऊ असतं, सहज कापलं जातं. हवेत वाळलं की टणक होतं. मग एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारी जीभ काढायची आणि दोन्ही एकमेकांत अडकवायचे. मध्ये चुना नाही. पाथरवटापेक्षा सुताराला जवळचं वाटावं असं हे काम, आणि पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधणाऱ्या बेटांवर ते इतकं सफाईदार व्हावं यात नवल नाही.

आत सगळं राज्य लाकडाचं आणि लाखकामाचं. कोरीव छत, रंगवलेले खांब, आणि एका लांब फळीवर बाराव्या शतकात या बेटांनी इस्लाम स्वीकारल्याची हकिकत. त्याआधी इथे बौद्ध धर्म होता. मशिदीचं तोंड सूर्याला धरून थेट पश्चिमेकडे आहे. जुन्या मंदिराच्या पायावर ती उभी राहिली म्हणून, असं सांगितलं जातं. मक्का तर वायव्येला. त्यामुळे नमाजाच्या रांगा भिंतीला समांतर नसून तिरक्या लागतात. वास्तू हलवण्यापेक्षा माणसांनी थोडं वळावं, हा तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो.

अंगणात प्रवाळाच्याच कबरींची दाटी आहे. पुरुषांच्या शिळा टोकदार, बायकांच्या गोल माथ्याच्या. समोर १६७५ मध्ये बांधलेला पांढरा-निळा, बसका मनारा. सुलतान हजहून परतल्यावर त्याने तो उभारला.

जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या, काँक्रीटने गच्च भरलेल्या या बेटावर मशीद टिकली, पण तिची विद्या मात्र टिकली नाही. आधी चुन्यात बसवलेले प्रवाळाचे तुकडे आले, मग सिमेंट. पुढे प्रवाळ काढण्यावरही निर्बंध आले आणि ते योग्यच होते, कारण हेच प्रवाळ बेटांना लाटांपासून वाचवतं. म्हणजे उद्या एखादा ठोकळा झिजला तर त्याच्या जागी तसाच नवा बसवणं सोपं नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारतातले जतनतज्ज्ञ इथे काम करून गेले. आता मालदीवमधल्या प्रवाळी मशिदींची नावं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत.

आपल्याकडचे बहुतेक पर्यटक विमानतळावरून थेट रिसॉर्टच्या बोटीत बसतात. परतताना अर्धा दिवस मालेसाठी ठेवा. नमाजाची वेळ टाळा, खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला. मुस्लिमेतरांना आत जायला आधी परवानगी लागते. ती नाही मिळाली, तरी कोरीव भिंती, कबरी आणि मनारा बाहेरूनच पाहायचे आहेत.