'तारण' म्हणजे नेमके काय? ख्रिस्ती न्यायनिवाडा आणि आपला धम्म

तेल्हारा तालुक्यातील अनेक गावे खारपाणपट्ट्यात येतात. विहिरीचे, बोअरचे पाणी खारट आणि घराघरांत किडनीच्या आजाराची धास्ती. कर्ता माणूस डायलिसिसवर गेला की सगळे घर खचते. मग कुणी उतारा सांगतो, कुणी मागच्या जन्माचे भोग म्हणतो, कुणी येशूच्या प्रार्थनासभेला बोलावतो. आपल्या वस्तीतलेही काही जण अशा सभांना जातात. त्यावर आपले तरुण एक तर टिंगल करतात, नाही तर भांडतात. आम्ही समाजकार्य करताना हे पाहतो, आणि एक गोष्ट दरवेळी जाणवते. समोरचा माणूस नेमके काय मानतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. म्हणून आधी ते समजून घेऊ.

देव न्यायाधीश, येशू तारणारा

ख्रिस्ती श्रद्धेची मांडणी थोडक्यात अशी. देवाने माणसाला निर्माण केले, पण माणसाने त्याची आज्ञा मोडली. पाप म्हणजे केवळ चोरी किंवा खोटे बोलणे नव्हे, तर देवापासून दुरावणे. या दुराव्यातून कोणताही माणूस स्वतःच्या बळावर बाहेर येऊ शकत नाही. जगाच्या शेवटी येशू पुन्हा येईल, मेलेले उठवले जातील आणि जिवंत व मृत सर्वांचा न्याय होईल. मग काहींना सार्वकालिक जीवन आणि काहींना देवापासून कायमची ताटातूट.

इथे 'तारण' येते. येशूने क्रुसावर मरून माणसांच्या पापांची शिक्षा स्वतःवर घेतली, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला क्षमा मिळते, असे ते मानतात. तारण पुण्य साठवून मिळत नाही, ती देवाची कृपा आहे. 'नरकाची भीती दाखवून धर्म वाढवतात' असे आपण पटकन बोलतो. काही प्रचारक भीती घालतात, हे खरे. पण श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला त्यात भीतीपेक्षा सुटका जास्त दिसते. तू नालायक असलास तरी तुला स्वीकारले आहे, हे ऐकणे दुःखात बुडालेल्या माणसाला फार मोठे वाटते. हे ओळखले नाही, तर लोक तिकडे का जातात हे कधीच कळणार नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत खोलवर जगल्या त्या पंडिता रमाबाई. संस्कृत शास्त्रे वाचताना त्यांना दिसले की स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाची वाट जवळजवळ बंदच ठेवली आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या धर्मभगिनींनी सांगितलेले सगळे त्यांनी मुकाट्याने मानले नाही. येशूचे देवत्व, त्रैक्य, चर्चचा अधिकार यांवर त्यांनी पत्रांतून वाद घातले. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडात मान द्यायला त्या तयार नव्हत्या.

पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी म्हटले की, बाप्तिस्मा घेतला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. तो अनुभव त्यांना सुमारे आठ वर्षांनी आला. त्यांच्या लेखी विधी म्हणजे तारण नव्हते. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली राहत. १९०५ साली तिथे मोठी धार्मिक जागृती झाली. मुली रडून पापांची कबुली देत, तासन्‌तास प्रार्थना करीत. आजच्या प्रार्थनासभांमधले रडणे आणि साक्ष देणे ज्यांना नवे वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

सगळे ख्रिस्ती एकसारखे मानत नाहीत

तारण केवळ विश्वासाने मिळते की सत्कर्मही लागते, यावर सोळाव्या शतकात युरोपातले चर्च फुटले. मार्टिन ल्युथरने १५१७ मध्ये सुरू केलेल्या त्या वादात कॅथलिक आणि ल्युथरन यांच्यातील मूळ मुद्द्यावर समेट झाला तो थेट १९९९ साली. 'येशूला न मानणारे सगळे नरकात' हेही सर्वांचे मत नाही. स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत ख्रिस्ताची ओळख पोचली नाही, पण जे सद्‌सद्विवेकाने जगतात, त्यांचेही तारण होऊ शकते, असे कॅथलिक चर्चने १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेत मान्य केले.

आपली वाट कुठे वेगळी होते?

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा फरक स्पष्ट केला आहे. येशूने तारणासाठी एक अट घातली : मी देवाचा पुत्र आहे, हे माना. बुद्धाने स्वतःसाठी असे कोणतेही स्थान मागितले नाही. ते माणूस म्हणून जन्मले, माणूस म्हणून बोलले. वाट दाखवणे एवढेच काम त्यांनी स्वतःकडे घेतले. चालायचे ते आपणच.

आपल्याकडे न्यायाधीश नाही, म्हणून शिक्षा नाही आणि माफीही नाही. निब्बाण म्हणजे मेल्यानंतर आत्म्याची सुटका नव्हे. लोभ, द्वेष, मोह यांच्यावर ताबा मिळवून याच आयुष्यात नीट जगणे, असा त्याचा अर्थ बाबासाहेब सांगतात.

पण इथे आपणही सावध राहिले पाहिजे. 'मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ' हे वाक्य आजही आपल्या घरांतून ऐकू येते. ते बुद्धाचे मत असूच शकत नाही, असे बाबासाहेबांनी ठामपणे मांडले. कारण त्या मताने गरिबाच्या दुर्दशेची जबाबदारी गरिबावरच ढकलली जाते आणि समाज व शासन मोकळे होतात. खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या रुग्णाला 'तुझे भोग' म्हणणे आणि 'देवाची शिक्षा' म्हणणे यांत काय फरक उरला? योहानाच्या शुभवर्तमानात तर शिष्य जन्मांध माणसाबद्दल 'कुणाच्या पापामुळे?' असे विचारतात, तेव्हा येशू ते कारण नाकारतो. प्रश्न पाण्याचा आहे, तो ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत पाण्याचाच म्हणून विचारला पाहिजे.

दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. तिथे राजा विचारतो ते असे : भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, आजाऱ्याला भेटलात का? सर्वांत लहानासाठी केले ते माझ्यासाठी केले, असे तो मानतो.

विनयपिटकातही एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कुणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असे भिक्खूंना सांगितले. एकीकडे वर न्यायाधीश आहे, दुसरीकडे कुणी नाही. पण परीक्षा आजाऱ्याच्या खाटेजवळच होते.

त्यामुळे कुणी प्रार्थनासभेला गेले म्हणून त्याच्या घरी जाणे बंद करू नका. संविधानाच्या २५ व्या कलमाने त्याला तो हक्क दिला आहे, आणि १९५६ साली आपल्याच वाडवडिलांनी आपला धर्म स्वतः निवडला होता. वाद घालायचाच असेल तर माहिती घेऊन, आवाज न चढवता घाला. मात्र 'प्रार्थना झाली, आता औषध नको' असे कुणी म्हणाले, तर तिथे ठाम उभे राहा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. त्याची कागदपत्रे करून द्या, अकोल्याला सोबत जा. आपला धम्म काय आहे, हे त्या घराला मग वेगळे सांगावे लागणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!