पिवळे तितके पितळ नव्हे

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. समई, तबक, आजीच्या वेळचा बंब! चिंच-मीठ लावून घासली की चार दिवस घराला जुनी कळा येते. मग ती पुन्हा माळ्यावर जातात आणि स्वयंपाकघरात स्टीलचे राज्य सुरू होते. कल्हईची कटकट गेली, खर्च वाचला, आणि आमटीची चव काही बिघडली नाही. पितळाच्या जागी स्वस्त पोलाद हा सौदा घरोघरी असा सुखाचा झाला. तोच सौदा बंदुकीच्या काडतुसात मात्र कधीकधी अंगाशी कसा येतो, हे मला पाथर्डीत कळले, आणि तेही एका बिबट्याच्या निमित्ताने.

२०२० सालच्या ऑक्टोबरात पाथर्डी तालुक्यात बिबट्याने तीन बालकांचा बळी घेतला. गर्भगिरीच्या कुशीतल्या वस्त्यांवर दिवेलागणीलाच दारे बंद होऊ लागली. आमच्या परिचयाचे एक वृद्ध शेतकरी आहेत. सारे त्यांना आबा म्हणतात. रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची एकनळी, बारा बोअरची जुनी बंदूक आहे. त्या दिवसांत एका रात्री गोठ्यात शेळ्या एकाएकी ओरडू लागल्या. घरात दोन लहान नातवंडे. आबा बंदूक घेऊन अंगणात आले आणि त्यांनी हवेत एक बार काढला. बिबट्याला कायद्याचे संरक्षण आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्याला मारायचे नव्हते, पळवायचे होते. बार झाला. दुसरे काडतूस भरावे म्हणून त्यांनी बंदूक मधून उघडली, तर पहिल्याची रिकामी पुंगळी नळीतून निघेना. नखाने ओढली, चाकूने उचकटली. शेवटी मुलाने नळीच्या तोंडातून गज घालून ती बाहेर ठोकली. तोवर दहा मिनिटे गेली होती. बिबट्या आधीच निघून गेला होता, म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी आबांनी ती पुंगळी माझ्यापुढे ठेवली. “सर, बूड तर पितळंचं दिसतंय, मग अडकलं कसं?” मुलांच्या खेळण्यातले लोहचुंबक घरात होते. ते जवळ नेताच पुंगळीचे बूड टपकन चिकटले. पितळ कधी चुंबकाला चिकटत नाही. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. येथे मात्र पितळाच्या मुलाम्याखालून लोखंड उघडे पडले होते!

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. वस्तूची रचना तशी सोपी आहे: पुंगळीत दारू, पुढे गोळी किंवा छरे आणि बुडाला ठिणगी पाडणारी टोपी. बारा बोअरच्या पुंगळीचा वरचा भाग आता प्लास्टिकचा असतो आणि बूड धातूचे. पुंगळी ही नुसती डबी नव्हे. घोडा ओढताच आत प्रचंड दाब निर्माण होतो. बारा बोअरमध्ये तो चौरस इंचाला दहा-अकरा हजार पौंडांपर्यंत जातो, तर लष्करी रायफलीत पन्नास हजारांच्याही पुढे. त्या दाबाने पुंगळी फुगते आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटून मागचा मार्ग बंद करते. एरवी तो जळता वायू नेम धरणाराच्याच तोंडावर यायचा. पण दाब ओसरताच तिने पुन्हा किंचित आक्रसायला हवे, तरच ती सुटते. फुगणे आणि आक्रसणे ही दोन्ही कामे पितळ उत्तम करते. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त हे काडतुसाच्या पितळाचे ठरलेले प्रमाण. साधे मऊ पोलाद फुगते, पण पितळाइतके मागे येत नाही. शिवाय ते गंजते, म्हणून त्यावर लाखेसारखा लेप, जस्त किंवा पितळाचा मुलामा द्यावा लागतो. ही त्याची कल्हईच म्हणा ना!

मग जगाने पोलाद वापरलेच कशाला? तांब्याच्या टंचाईमुळे. दोन्ही महायुद्धांत जर्मनांनी पोलादी पुंगळ्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील इव्हान्सव्हिल येथे मोटारींच्या कारखान्यात पिस्तुलांच्या काडतुसांसाठी हाच प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. रशियनांनी तर पोलाद कायमचेच स्वीकारले. त्यांच्या १९४३ च्या काडतुसाची पुंगळी पुढे चांगली निमुळती होत जाते. निमुळती वस्तू जराशी मागे सरकली की मोकळी होते, म्हणून एके-४७ मध्ये ही स्वस्त पुंगळी बिनतक्रार चालते. तेच पोलाद जवळजवळ सरळ भिंतीच्या अमेरिकी रायफलीच्या पुंगळीत वापरले की ती अडकण्याचा संभव वाढतो. उलट पितळ म्हणजे हमखास खात्री, असेही नाही. १८८५ साली सुदानच्या वाळवंटात इंग्रज सैनिकांच्या मार्टिनी-हेन्री बंदुका ऐन लढाईत अडकल्या. त्यांच्या पुंगळ्या पितळी पत्र्याच्याच होत्या, पण गुंडाळलेल्या आणि पातळ. पुढे अखंड ओढीव पितळाच्या पुंगळ्या आल्या, तेव्हा तो दोष गेला.

आबांना मी परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागिराकडे जायला सांगितले आणि कुतूहल म्हणून नगरला त्यांच्याबरोबर गेलोही. कारागिराने नळीच्या बुडाच्या कप्प्यात दिव्याचा उजेड टाकला आणि म्हणाला, “काडतुसाला नुसतं नावं ठेवू नका आबा. आत बघा, गंजाचे खड्डे पडलेत.” फुगलेले बूड त्या खड्ड्यांत रुतून बसले होते. मागे येणाऱ्या पितळाने कदाचित ते सांभाळून घेतले असते, पोलादाने नाही. आणि अशा बंदुकीत पुंगळी ओढणारा आकडा लहान, त्याच्यात जोर तो किती! खटक्याच्या रायफलीत निदान हाताचा रेटा देता येतो. कारागिराचे म्हणणे असे की, कप्पा गुळगुळीत असेल तर हीच स्वस्त काडतुसे बोटाने ओढली तरी निघतात.

म्हणजे दोष एकट्या काडतुसाचा नव्हता आणि एकट्या बंदुकीचाही नव्हता. आपल्याकडे लग्न ठरविताना मुलाची पत्रिका वेगळी आणि मुलीची वेगळी पाहून भागत नाही. दोन्ही शेजारी ठेवून गुण जुळवावे लागतात. ‘हे काडतूस भरवशाचे आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या बंदुकीत?’ हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. निरोगी नळीत स्वस्त माल निभावतो. जुन्या, दुर्लक्षित नळीत मात्र वाचवलेले चार पैसे नको त्या क्षणी व्याजासकट वसूल होतात.

आबांनी कप्पा साफ करून घेतला. आता दर पावसाळ्यानंतर ते नळीला तेलाचा हात देतात आणि काडतुसे घेताना खिशातले चुंबक दुकानदारापुढे काढतात. पुढे डिसेंबरात करमाळा तालुक्यात एक नरभक्षक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला आणि या भागातले भय हळूहळू ओसरले. त्या रात्रीचा विषय निघाला की आबा मात्र अजून गप्प होतात. मग नातवाच्या डोक्यावरून हात फिरवीत म्हणतात, “सर, पहिला बार कुणीबी काढतो. दुसरा निघंल का, ते बघून माल घ्यावा.”