आकाशांत वाट कोणीं द्यावी?

हौसेखातर लहान विमान चालविणारे लोक म्हणजे जमिनीवरील नियमांना कंटाळून वर पळालेले स्वच्छंदी जीव, असा पुष्कळांचा समज असतो. वर ना रस्ता, ना चौक, ना शिट्टी वाजविणारा शिपाई! तेव्हां तेथें ज्यानें त्यानें मनास येईल तसें उडावें, असें वाटणें साहजिक आहे. वस्तुस्थिति मात्र याच्या अगदीं उलट आहे. वाट चुकलेल्या गाडीवानाला निदान गाडी उभी करून विचार करतां येतो. विमानाचा वेग गेला कीं पंखांचा आधारहि गेला. म्हणून दोन अनोळखी वैमानिकांची आकाशांत गांठ पडली, तर बाजूस कोणीं व्हावयाचें हें दोघांनाहि आधींच ठाऊक असावें लागतें.

हे नियम जगांत जवळजवळ सर्वत्र सारखेच आहेत. १९४४ सालीं शिकागो येथें झालेल्या करारान्वये जी आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटना निर्माण झाली, तिच्या नियमावलींत ते ग्रथित आहेत. समोरासमोर आलेल्या दोन्ही विमानांनीं आपापल्या उजवीकडे वळावें. मागून येऊन पुढें जाणाऱ्यानेंहि उजवीकडूनच जावें. दोघांच्या वाटा एकमेकींस छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हातास दुसरें विमान असेल त्यानें वाट द्यावी. आपण रस्त्यावर डावी बाजू धरणारे. आपणांस हा उजवेपणा चमत्कारिक वाटेल. पण तो दर्यावर्दी लोकांच्या जहाजांच्या नियमांतून आलेला आहे.

खरी मौज पुढेंच आहे. यंत्राच्या विमानानें बिनयंत्राच्या विमानास, म्हणजे ग्लायडरला, वाट द्यावयाची. ग्लायडरनें बलूनला द्यावयाची. आणि संकटांत सांपडलेल्या विमानाला तर सर्वांनींच. बलून वारा नेईल तिकडे जातें, त्याला वळणें ठाऊक नाहीं. ग्लायडरला वळतां येतें, पण गमावलेली उंची त्याला यंत्राच्या जोरावर परत मिळवितां येत नाहीं. म्हणजे ज्याच्या हातीं अधिक सामर्थ्य, त्याच्याच वांट्यास वाट देण्याचें अधिक कर्तव्य! आमच्या रस्त्यांवर मोठी मोटार भोंगा वाजवीत सायकलवाल्यास कडेला लोटते, तें आपण रोज पाहतोंच.

ज्यास वाट मिळावयाची, त्यानेंहि आपली दिशा व आपला वेग कायम राखावयाचा असतो. "आधीं आपण, आधीं आपण" असा लखनवी शिष्टाचार तेथें घातक ठरतो. दोघेहि सौजन्यानें एकाच बाजूस वळले, तर टक्कर ठरलेलीच. उतरतांना जें विमान अधिक खालीं असेल त्याचा मान पहिला. पण नियम करणाऱ्यांना मनुष्यस्वभाव चांगलाच अवगत असावा. त्यांनीं लागलीच पुढें घातलें आहे कीं, या सवलतीचा फायदा घेऊन कोणीं उतरत असलेल्या दुसऱ्या विमानापुढें घुसूं नये. मधल्या सुटींत शाळेच्या नळापाशीं चाललेली रेटारेटी ज्यानें पाहिली आहे, त्यास या कलमाचें प्रयोजन समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या शिस्तीची परीक्षा कोठें पाहावी, तर अमेरिकेंत, विस्कॉन्सिन राज्यांतील ऑशकॉश या गांवीं. स्वतःच्या हातांनीं विमानें बांधणाऱ्या हौशी लोकांची एक संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनीं १९५३ सालीं काढली. एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन असें तिचें नांव. तिचा मेळा १९७० सालापासून ऑशकॉश येथें भरूं लागला. जुलैच्या अखेरीस भरणाऱ्या या मेळ्यासाठीं तेथें व आसपासच्या विमानतळांवर सुमारें १०,००० विमानें येतात.

वारींत दिंडीमागें दिंडी चालावी, तशीं हीं विमानें रिपन गांवापासून फिस्क गांवापर्यंत आगगाडीच्या रुळांवरून एकामागें एक येतात. उंची समुद्रसपाटीपासून १,८०० फूट, वेग ताशीं ९० सागरी मैल, आणि पुढल्या विमानापासून अंतर अर्धा मैल. फिस्क येथें नियंत्रक दुर्बिणी घेऊन जमिनीवर उभे असतात. ते वैमानिकास नांव विचारीत नाहींत. विमानाचा रंग व घडण पाहून ते रेडिओवर म्हणतात, "निळ्या विमानवाल्या, पंख हालवा." वैमानिकानें चकार शब्द न काढतां पंख हालवावयाचे, तेंच त्याचें उत्तर. शेंकडों माणसें एकदम बोलूं लागलीं, तर कोणाचेंच कोणास ऐकूं जाणार नाहीं. धांवपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके असतात. एकास हिरव्या ठिपक्यावर, मागच्यास नारिंगी ठिपक्यावर उतरण्यास सांगतात, आणि एकाच पट्टीवर एकाच वेळीं एकाहून अधिक विमानें उतरतात. हें सारें सविस्तर सांगणारी सूचनापत्रिका वाचूनच प्रत्येकानें घरून निघावयाचें असतें. उतरल्यावर पुष्कळ जण विमानाच्या पंखाखालींच तंबू ठोकतात, आणि शेजारच्या पंखाखालीं कोण आहे याची विचारपूस आपोआप होते.

या लोकांचे रिवाजहि गमतीचे आहेत. अमेरिकेंत शिष्यानें पहिल्यानें एकट्यानें उड्डाण केलें, कीं गुरु त्याच्या सदऱ्याचा मागचा पदर कापून घेतो. जुन्या उघड्या विमानांत गुरु मागें बसे व सदरा ओढून शिष्यास खुणा करी. आतां त्याची गरज उरली नाहीं, असा त्याचा अर्थ सांगतात. आम्हां मास्तरांस हा रिवाज फार आवडण्याजोगा आहे! दुसरी चाल अधिक गंभीर आहे. प्रवासाचा बेत आगाऊ कळवून निघालेल्या वैमानिकानें पोहोंचल्यावर तसें कळवावयाचें असतें. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास उलटूनहि वर्दी आली नाहीं, तर त्याची चौकशी सुरू होते. कळविण्यास विसरणाऱ्यासाठीं कितीतरी माणसें व्यर्थ धांवपळ करतात.

हा शेजारधर्म आमच्याकडेहि लवकरच दिसला. जुहू येथें मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ सालीं निघाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानांत दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें विमानानें करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावलें. पुढल्या वर्षीं टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. १७ वर्षांचे अ‍ॅस्पी इंजिनीअर इंग्लंडहून कराचीकडे. इजिप्तमध्यें अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगच्या अभावीं अडकून पडले होते. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याच्या हातीं दिले, आणि दोघेहि आपापल्या दिशेनें उडाले. अ‍ॅस्पी कराचीस आधीं पोहोंचले व बक्षीस त्यांना मिळालें. टाटा थोड्या तासांनीं मागें पडले. १९६० सालीं अ‍ॅस्पी इंजिनीअर भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले.