तरुण मिशनऱ्याची दिनचर्या आणि उत्तरायुष्यातील आठवण : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ऐन तारुण्यात धर्मप्रचारासाठी परमुलखात काढलेली वर्षे आणि त्यांचे अनेक वर्षांनंतर केलेले स्मरण हा आत्मपर वाङ्मयातील एक स्वतंत्र प्रवाह मानता येईल. अमेरिकेतील मॉर्मन पंथात तर अशा सेवेची परंपराच आहे. तरुण पुरुष साधारणपणे दोन वर्षे घरापासून दूर राहतात. प्रत्येकाला एक सोबती नेमून दिलेला असतो. सकाळी धर्मग्रंथाचा अभ्यास, दिवसभर लोकांच्या भेटीगाठी आणि रात्री ठरल्या वेळी विश्रांती, असा त्यांचा क्रम असतो. उत्तरायुष्यात या काळाकडे वळून पाहणारे लेखन त्या समाजात विपुल आढळते.

या पंथाचा महाराष्ट्राशी पहिला संबंध अल्पकाळच आला. ह्यू फिंडले हे मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत आले. पुढे पुण्यात त्यांनी एक लहानशी मंडळी उभी केली. परंतु लष्करी छावणीत प्रचार करण्यास त्यांना अडथळा झाला. १८५६ च्या सुमारास पंथाचे हिंदुस्थानातील हे पहिले कार्य थांबले. योगायोग असा की, १८५२ मध्येच रॉयल गोल्ड वाइल्डर हे दुसऱ्या पंथाचे अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून कोल्हापुरात आले आणि तेथे सुरू झालेले कार्य टिकून राहिले. प्रस्तुत लेखात या टिकलेल्या परंपरेच्या आधारे, मिशनऱ्याच्या आठवणी इतिहासाचे साधन म्हणून कशा वाचाव्यात, याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

वाइल्डर यांचा भर शाळांवर होता. शाळांना किती महत्त्व द्यावे, या प्रश्नावरून त्यांचे मूळ संस्थेशी मतभेद झाले आणि काही वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम केले. १८७० मध्ये कोल्हापूरचे कार्य अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्यानंतर रत्नागिरी, पन्हाळा-कोडोली, सांगली आणि मिरज अशी केंद्रे निर्माण झाली. कोडोली हे गाव आजच्या शाहूवाडी तालुक्याला लागून असलेल्या पन्हाळा तालुक्यात आहे. कोल्हापूर व रत्नागिरी या दोन केंद्रांना जोडणारा मार्ग शाहूवाडी तालुक्यातून मलकापूरवरून जाऊन आंबा घाट उतरतो. यामुळे शाहूवाडीचा परिसर या केंद्रांच्या मधोमध येतो.

दिवसाची घडण

नव्याने आलेल्या मिशनऱ्याचे पहिले काम मराठी शिकणे हे असे. पंडितासमोर बसून उच्चार घोटणे, मोल्सवर्थच्या कोशातून शब्द शोधणे आणि भाषेची परीक्षा देणे यांत त्याचा प्रारंभीचा काळ जाई. भाषा अंगवळणी पडल्यावर शाळेची पाहणी, बाजारातील प्रवचन, दवाखाना आणि पत्रव्यवहार ही कामे येत. पावसाळ्यात, विशेषतः घाटालगतच्या मुलखात, फिरणे कठीण होई. थंडीच्या दिवसांत मात्र बैलगाडीत तंबू घालून गावोगावी मुक्काम केले जात.

वरवर पाहता ही एका व्यक्तीच्या निर्धाराने चालणारी दिनचर्या वाटते. वस्तुतः तिचा प्रत्येक प्रहर इतरांच्या श्रमावर उभा होता. भाषा शिकवी तो पंडित. वाट दाखवी तो गाडीवान. श्रोते जमवी तो मराठी उपदेशक. परक्या पुरुषाला जेथे प्रवेश नसे त्या माजघरात जाऊन बोलत त्या ‘बायबल वुमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठी स्त्रिया. मोल्सवर्थचा कोशही (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अनेक ब्राह्मण पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झाला, तरी तो आज एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानेच ओळखला जातो. जे कोशाचे, तेच बहुतांशी मिशनऱ्याच्या दिवसाचे.

आठवणीतील फेरमांडणी

डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी या भागात आले. सांगलीत त्यांनी दवाखाना चालविला आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेविषयीचे त्यांचे आठवणीपर इंग्रजी पुस्तक १९३२ मध्ये, म्हणजे आगमनानंतर त्रेचाळीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. तोपर्यंत मिरजेचे नाव दूरवर पोहोचले होते आणि त्यांना ‘सर’ हा किताबही मिळाला होता. लिहिणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांना गोष्टीचा शेवट ठाऊक होता. सांगलीत उतरलेल्या तरुणाला तो ठाऊक नव्हता.

हा भेद केवळ एका पुस्तकापुरता मर्यादित नाही. दीर्घकाळानंतरच्या स्मरणात साधारणतः तीन गोष्टी घडतात. एक, एकसारखे गेलेले शेकडो दिवस मिळून एकच नमुनेदार ‘दिवस’ तयार होतो. दोन, त्या वेळचे अपयश पुढील यशाची पायरी म्हणून अर्थपूर्ण ठरते. तीन, सोबतची माणसे नावे गमावून ‘आमचा पंडित’, ‘आमचा गाडीवान’ अशा संबोधनांत विरून जातात. पहिल्या दोन बाबींची दुरुस्ती समकालीन पत्रे व वार्षिक अहवाल यांच्याशी ताडून करता येते. तिसरीची दुरुस्ती अवघड आहे. कारण तेथे लेखी पुरावाच विरळ असतो.

मराठी बाजूची साक्ष

ही उणीव काही अंशी भरून काढणारे मराठी ग्रंथ उपलब्ध आहेत. बेळगावचे बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तीन दशकांहून अधिक काळानंतर ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र सिद्ध केले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनंतर. मधल्या काळातील सोवळे-ओवळे, वेगळी चूल आणि हळूहळू गळून पडलेला जातिभेद यांचे चित्रण त्या स्वतःची थट्टा करीत करतात. मिशनचे जीवन त्यांच्या लेखनात व्यासपीठावरून नव्हे, तर स्वयंपाकघरातून दिसते. संसारातील ओढाताण, घरात अचानक येणारी माणसे आणि पतीचा लहरी दानशूरपणा यांचा हिशेब मिशनच्या अहवालात सापडणार नाही.

या दोन्ही लेखकांना अक्षर आणि प्रकाशन यांची साथ मिळाली. ज्यांना ती मिळाली नाही, त्या उपदेशकांचा, परिचारिकांचा आणि बायबल वुमनचा दिवस मात्र त्यांच्या वंशजांच्या कौटुंबिक आठवणींतच उरला असण्याचा संभव आहे.

निष्कर्ष

मिशनऱ्यांच्या आठवणी खोट्या म्हणून दूर सारणे किंवा खऱ्या म्हणून जशाच्या तशा स्वीकारणे, ही दोन्ही टोके अभ्यासकाने टाळली पाहिजेत. त्या आठवणी तरुणपणाच्या दिवसाविषयी जितके सांगतात, तितकेच वार्धक्यातील आत्मप्रतिमेविषयीही सांगतात. कोल्हापूर, कोडोली, मिरज व शाहूवाडी परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांना येथे एक निकडीचे काम आहे. जुन्या ख्रिस्ती कुटुंबांतील ज्येष्ठांच्या मुलाखती, मंडळ्यांची नोंदपुस्तके आणि घरोघरची पत्रे यांची नोंद विद्यार्थ्यांकरवी करून घेता येईल. प्रत्येक वर्षागणिक सांगणारी माणसे कमी होत आहेत. ‘आमचा पंडित’ एवढ्याच उल्लेखाने उरलेल्या माणसाला त्याचे नाव परत मिळण्याची शक्यताही त्याबरोबर कमी होत आहे.